साथ लसीने कमी झाली की आपोआप? वाल्देमार हाफकिन यांचे आयुष्य आणि त्यांनी केलेली मोजणी

हाफकिन हे नाव तुम्ही नक्की ऐकले असेल. मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे. पोलिओचे डोस आणि सर्पदंशावरचे प्रतिविष यांमुळे हे नाव घराघरांत पोहोचले. मात्र हाफकिन हे एका माणसाचे आडनाव आहे, आणि तो माणूस प्लेगच्या साथीत मुंबईत येऊन राहिला होता, हे अनेकांना माहीत नसते.

दवाखान्यात मला नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न असा: "डॉक्टर, साथ तर तशीही कमी होतेच, मग लसीचा उपयोग झाला हे कशावरून?" प्रश्न अगदी योग्य आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी हाफकिन यांच्यासमोर हाच प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना त्यांनी जे केले, ते समजून घेतले तर आजही "अमुक औषधाने आजार ९० टक्के घटला" अशी बातमी वाचताना तुम्ही फसणार नाही.

ओडेसा ते पॅरिस

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ते वैद्यकीय डॉक्टर नव्हते. त्यांचे शिक्षण प्राणिशास्त्रातले. ओडेसाच्या विद्यापीठात इल्या मेचनिकोव्ह हे त्यांचे गुरू होते. शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवून देणारे आणि पुढे नोबेल मिळवणारे ते हेच मेचनिकोव्ह.

त्या काळी रशियात ज्यू माणसाला विद्यापीठात मोठे पद मिळणे जवळजवळ अशक्य होते. धर्म बदलला तर वाट मोकळी होती. हाफकिन यांनी ते नाकारले. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. आधी जिनिव्हा आणि मग पॅरिस. तिथल्या पाश्चर संस्थेत त्यांना ग्रंथालयातले काम मिळाले. ते सांभाळून उरलेल्या वेळात ते प्रयोगशाळेत कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करत. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी स्वतः तयार केलेली कॉलऱ्याची लस स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, टोचलेल्या जागी दुखले, पण काही दिवसांत ते बरे झाले.

आता इथे थांबून विचार करा. यावरून काय सिद्ध झाले? लस टोचल्याने माणूस मरत नाही, एवढेच. ती कॉलऱ्यापासून वाचवते का, हे एका माणसावरून कळूच शकत नाही, कारण त्या माणसाला कदाचित लस न घेताही कॉलरा झाला नसता. "मी घेतली, मला काही झाले नाही" किंवा "शेजाऱ्याने घेतली तरी त्याला झाला" ही वाक्ये आपण रोज ऐकतो. दोन्हींची किंमत सारखीच, म्हणजे फार थोडी.

कोलकाता: हजारोंना टोचले, पण कळले काय?

१८९३ मध्ये हाफकिन भारतात आले. उत्तर भारतात फिरून त्यांनी हजारो लोकांना कॉलऱ्याची लस टोचली. यात सैनिक होते, तुरुंगातले कैदी होते, गावकरी होते. तरीही पुरावा हाती लागत नव्हता. लस टोचलेल्या गावात कॉलरा आलाच नाही, तर लसीने काम केले असे म्हणता येत नाही. कॉलरा यायला हवा, आणि त्याच जागी लस घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही लोक हवेत. तरच तुलना होते.

मार्च १८९४ मध्ये कोलकात्यातल्या कट्टल बागान या वस्तीत तशी परिस्थिती तयार झाली. वस्तीतले लोक एकाच तळ्याचे पाणी वापरत आणि तिथे कॉलऱ्याचे रुग्ण सापडले होते. सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत कॉलऱ्याचे आणखी रुग्ण निघाले आणि ७ जण दगावले. हे सगळे लस न घेतलेल्यांपैकी होते.

आकडे लहान होते, पण पाणी तेच, वस्ती तीच आणि दिवसही तेच होते. फरक होता तो लसीचा. ही कल्पना हाफकिन यांनी पक्की धरली आणि मुंबईत तीच त्यांच्या कामी आली.

मुंबईचा प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात तापाचे आणि जांघेत, काखेत गाठी येण्याचे रुग्ण दिसू लागले. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे ओळखले. ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली, एक कारकून आणि तीन मदतनीस मिळाले. काम इतके जोखमीचे आणि दमवणारे होते की मदतनीस टिकत नव्हते.

प्लेगचे जंतू भरपूर प्रमाणात वाढवणे ही मोठी अडचण होती. हाफकिन यांनी मांसाच्या रसात तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढत. मग उष्णतेने ते मारून, त्यात कार्बोलिक ॲसिड घालून लस तयार होई. अवघ्या तीन महिन्यांत लस हाती आली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती पुन्हा स्वतःला टोचून घेतली, तीही पुढे इतरांना देणार होते त्याच्या कितीतरी पट मोठ्या मात्रेत.

तेव्हाचे दिवस आठवा. मुंबईतून लाखो लोक गावाकडे पळत होते. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि मार्च १८९७ मध्ये त्यांचे निधन झाले. सरकारी घरझडत्या आणि विलगीकरणाच्या जाचाने लोक संतापले होते. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळ्या झाडण्यात आल्या. अशा वातावरणात सरकारने आणलेल्या सुईवर लोकांनी सहज विश्वास ठेवणे कठीण होते. तिसरे आगाखान यांनी स्वतः लस टोचून घेतली आणि आपला बंगला प्रयोगशाळेसाठी दिला. त्यामुळे खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले.

नुसते "आधी आणि नंतर" का चालत नाही?

समजा हाफकिन यांनी फक्त एवढेच सांगितले असते की फेब्रुवारीत प्लेगने खूप लोक मेले, मग आम्ही लस टोचली आणि जूनमध्ये मृत्यू घटले. ऐकायला पटते. पण यात तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा ऋतूचा. मुंबईत प्लेग हिवाळ्याच्या शेवटी वाढे आणि उन्हाळा सरताना ओसरे. लस असो वा नसो, जूनमध्ये मृत्यू घटणारच होते.

दुसरा खड्डा भागाकाराचा. शहर सोडून लाखो लोक गेले, तर शहरातले मृत्यू तसेही कमी मोजले जातात. किती मेले हे सांगताना कितींपैकी मेले हे सांगावेच लागते. तो खालचा आकडा चुकला की सगळे गणित चुकते.

तिसरा खड्डा माणसांमधल्या फरकाचा. लस घ्यायला स्वतःहून येणारा माणूस बहुधा थोडा अधिक काळजी घेणारा आणि बऱ्या घरात राहणारा असतो. त्याला आजार कमी झाला तर श्रेय लसीचे की घराचे?

दमणचे उदाहरण घ्या. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या या गावात १८९७ मध्ये प्लेग आला. लस घेतलेल्या २,१९७ जणांपैकी ३६ दगावले, म्हणजे सुमारे १.६ टक्के. लस न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२ दगावले, म्हणजे सुमारे २४.६ टक्के. फरक प्रचंड आहे. तरीही दूर राहिलेले लोक कोण होते, किती जण गाव सोडून गेले, कोणी कधी लस घेतली, हे प्रश्न उरतातच. एवढ्या मोठ्या फरकापुढे ते लहान वाटतात, पण फरक लहान असता तर याच प्रश्नांनी निष्कर्ष उलटवला असता.

भायखळा, उमरखाडी आणि उंढेरा

म्हणून तुलना अधिक काटेकोर करणे गरजेचे होते. जानेवारी १८९७ च्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे दीडशे कैद्यांनी लस घेतली, त्याहून थोड्या अधिक जणांनी घेतली नाही. जेवण, कोठड्या, काम सगळे सारखे. पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी २ जणांना झाला, दगावले कोणीच नाही. लस टोचली त्याच दिवशी काहींना गाठी दिसल्या होत्या. त्यांच्या शरीरात जंतू आधीच शिरलेले होते, म्हणून त्यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागला. लस घेतल्यानंतर दुसऱ्याच दिवशी ताप आला की आजही आपण घाबरतो. अशा वेळी हे लक्षात ठेवा: संरक्षण तयार व्हायला दिवस लागतात, आणि आजार कधीकधी लसीच्या आधीच आत शिरलेला असतो.

वर्षभराने उमरखाडीच्या तुरुंगात कैद्यांना ओळीने बसवून एकाआड एकाला लस दिली गेली. यामुळे काळजी घेणारे एका बाजूला आणि न घेणारे दुसऱ्या बाजूला, असे होण्याची शक्यता खूप कमी झाली. आजच्या औषध चाचण्यांमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटवारी करतात, तिच्या अगदी जवळची ही पद्धत.

सगळ्यात बोलका हिशेब उंढेरा गावाचा. हे बडोद्याजवळचे गाव. फेब्रुवारी १८९८ मध्ये तिथे प्लेग चालू असताना प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली गेली. एकच चूल, एकच छप्पर, तेच उंदीर. सुमारे सहा आठवड्यांनी पुन्हा जाऊन घरोघरी मोजणी झाली. ज्या २८ घरांत प्लेग शिरला होता, तिथे:

- लस घेतलेले ७१ जण: प्लेग ८ जणांना, मृत्यू ३
- लस न घेतलेले ६४ जण: प्लेग २७ जणांना, मृत्यू २६

टक्केवारी तुम्हीच काढून पाहा. लस घेतलेल्यांत मृत्यू सुमारे ४ टक्के, न घेतलेल्यांत सुमारे ४१ टक्के. म्हणजे मृत्यूचा धोका जवळपास ९० टक्क्यांनी घटला. पण ३ मृत्यू लस घेतलेल्यांतही झाले, हेही या हिशेबात लिहिलेले आहे. लस धोका कमी करते. शून्य करतेच असे नाही.

आणि ते २६? ती त्याच घरातली माणसे होती. भाऊ वाचला आणि बहीण गेली, असे घडलेले असणार. त्या २६ मृत्यूंच्या बदल्यात ही माहिती मिळाली, हे मी कधी विसरू शकत नाही. तुरुंगातल्या माणसाचा होकार कितपत मोकळा असतो, हाही प्रश्न आहेच. आज अशी चाचणी कोणालाही वाटेल तशी करता येत नाही. आधी नीतिमत्ता समितीची परवानगी लागते, सहभागी होणाऱ्याला त्याच्या भाषेत सगळे समजावून लेखी संमती घ्यावी लागते, आणि मध्येच बाहेर पडण्याचा हक्क असतो. तुमच्या घरातल्या कोणाला चाचणीत भाग घ्यायला सांगितले, तर हे सगळे विचारून घ्या. तो तुमचा अधिकार आहे.

आकड्यांवर टीकाही झाली

सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने हाफकिन यांचे काम तपासले. लसीच्या मात्रेत सारखेपणा नाही आणि काही ठिकाणच्या नोंदी पुरेशा नेमक्या नाहीत, अशी टीका आयोगाने केली. तरीही लसीने प्लेगची लागण आणि मृत्यू दोन्ही कमी होतात, असाच निष्कर्ष निघाला. चांगल्या संशोधनाचे असेच होते. दुसरे लोक ते उलटेपालटे करून तपासतात, चुका काढतात, आणि त्यातून जे टिकते ते आपण वापरतो. म्हणून शास्त्रज्ञांमध्ये मतभेद आहेत असे वाचले की लगेच सगळेच खोटे मानू नका.

१८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

मुल्कोवाल

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना प्लेगची लस दिली गेली. लस पाच बाटल्यांमधली होती. त्यातल्या एका बाटलीतून ज्या १९ जणांना टोचले, त्या सगळ्यांना धनुर्वात झाला आणि सगळे दगावले. बाकी चार बाटल्यांमधून लस घेतलेल्या कोणालाही धनुर्वात झाला नाही.

दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांनी कार्बोलिक ॲसिड वगळून फक्त उष्णतेने लस निर्जंतुक करण्याची पद्धत सुरू केली होती, त्यावर बोट ठेवले गेले. त्यांना पदावरून दूर करण्यात आले. ते परदेशी, त्यातून वैद्यकीय पदवी नसलेले. त्यांच्या बाजूने बोलणारे तेव्हा थोडेच होते.

पुढे चौकशीची कागदपत्रे बाहेर आली, तेव्हा वेगळे चित्र दिसले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. बाटली उघडली तेव्हा तिला दुर्गंधीही नव्हती. जंतू प्रयोगशाळेतच शिरून बंद बाटलीत अनेक दिवस वाढले असते, तर ती यायला हवी होती. १९०७ मध्ये मलेरियाच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये जाहीरपणे हाफकिन यांची बाजू मांडली. त्याच वर्षी ते दोषमुक्त ठरले आणि भारतात परतले. पण मुंबईची जागा गेली होती. कोलकात्याला काम करून काही वर्षांनी ते निवृत्त झाले.

मधल्या काळात पंजाबात लसीवरचा लोकांचा विश्वास उडाला होता. १९०७ या एका वर्षात भारतात प्लेगने दहा लाखांहून अधिक माणसे गेली. हे सगळे मुल्कोवालमुळे झाले, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे म्हणजे वर सांगितलेल्या "आधी आणि नंतर"च्या खड्ड्यातच पडणे होईल. पण एका बाटलीतल्या अपघाताची भीती हजारो घरांत पोहोचते, एवढे नक्की.

१९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात ते वारले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते.

आज तुमच्यासाठी यात काय आहे?

हाफकिन यांची ती लस आता वापरात नाही. प्लेगवर आज प्रतिजैविके आहेत आणि ती वेळेत सुरू केली तर रुग्ण बरा होतो. पण त्यांची मोजण्याची पद्धत जुनी झालेली नाही. मधुमेहाचे नवे औषध असो, काढा असो किंवा लस, "याने आजार घटला" असे कोणी सांगितले की हे पाच प्रश्न विचारा:

१. कोणाशी तुलना केली? ज्यांनी घेतले नाही असा, बाकी बाबतींत सारखाच गट होता का? नसेल तर दावा कच्चा समजा.

२. कितींपैकी किती? फक्त "५० टक्के घट" ऐकू नका. हजारात २ चे १ झाले तरी ५० टक्के घटच, आणि शंभरात ४० चे २० झाले तरी ५० टक्केच. तुमच्यासाठी दोन्हींचा अर्थ खूप वेगळा आहे.

३. किती काळ पाहिले? सर्दी-खोकला आठवड्याभरात आपोआप बरा होतो. आठव्या दिवशी घेतलेल्या कोणत्याही गोळीला श्रेय मिळते.

४. गट कसे पाडले? ज्याला हवे त्याने घेतले, की चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी झाली? दुसरी पद्धत अधिक भरवशाची.

५. नुकसानही मोजले का? दुष्परिणाम किती जणांना झाले, हे सांगितले नसेल तर अर्धाच हिशेब तुमच्यासमोर आहे.

हे प्रश्न तुमच्या डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका. प्रत्येक वेळी डॉक्टरांकडे नेमका आकडा असेलच असे नाही, पण विचारल्याने चर्चा योग्य दिशेने जाते. मात्र चालू असलेले औषध किंवा मुलांच्या लशी एखादी बातमी वा मेसेज वाचून स्वतःहून बंद करू नका. आधी विचारा, समजून घ्या आणि मगच ठरवा.